वैद्यकीय नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर: कुठे शोधावा, कसा पडताळावा आणि त्याला किती किंमत द्यावी

शोधनिबंध कुठे पाठवायचा हे ठरवताना, निवड समितीपुढे अर्ज मांडताना किंवा ग्रंथालयाने कोणत्या नियतकालिकांची वर्गणी भरावी याची चर्चा करताना वैद्यकीय क्षेत्रातील माणसाची गाठ इम्पॅक्ट फॅक्टरशी, म्हणजे नियतकालिकातील निबंधांना सरासरी किती सायटेशन (इतर निबंधांनी दिलेले संदर्भ) मिळाली हे सांगणाऱ्या आकड्याशी, पडतेच. आकडा दिसायला सोपा असतो. ‘३.७’ असे लिहिलेले असते आणि वाचणारा ते मोठे की लहान एवढेच पाहतो. प्रत्यक्षात हा आकडा कोणी काढला, तो कोणत्या वर्षाचा आहे आणि त्या नियतकालिकाचा विषयगट कोणता, या तीन गोष्टी कळल्याखेरीज त्यावरून काहीही ठरवू नये. पुढे जे सांगितले आहे ते मुख्यतः या तीन गोष्टी शोधून काढण्याविषयी आणि सापडल्यावर त्यांचा अर्थ लावण्याविषयी आहे.

आकडा तयार कसा होतो

सायटेशनच्या आधारे नियतकालिकांचा प्रभाव मोजता येईल ही कल्पना माहितीशास्त्रज्ञ यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मधील एका लेखात मांडली. पुढे १९६० च्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ या सायटेशनच्या सूचीसाठी नियतकालिके निवडण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी अर्विंग शेर यांच्यासोबत आजच्या इम्पॅक्ट फॅक्टरची घडण केली. केवळ एकूण सायटेशन मोजली असती तर भरपूर निबंध छापणारी मोठी नियतकालिकेच वर आली असती आणि थोडे पण महत्त्वाचे छापणारी लहान नियतकालिके यादीबाहेर राहिली असती, म्हणून निबंधांच्या संख्येने भागण्याची युक्ती काढली गेली. म्हणजे मुळात हे सूचीकाराचे साधन होते. एखाद्या डॉक्टरची पदोन्नती ठरवण्यासाठी ते कोणी बनवलेले नव्हते, आणि त्याच्या बहुतेक मर्यादांचे मूळ इथेच आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून हे आकडे ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’मध्ये, म्हणजे बोलण्यात ज्याला ‘जेसीआर’ म्हणतात त्यात, नियमित प्रसिद्ध होऊ लागले. २०१६ पासून हे काम क्लॅरिव्हेट ही कंपनी करते आणि नवा अहवाल दरवर्षी जून महिन्यात येतो.

गणित एका काल्पनिक नियतकालिकावर करून पाहू. समजा, त्याने २०२२ मध्ये १८० आणि २०२३ मध्ये २२० असे मिळून ४०० मूळ संशोधन निबंध व आढावा लेख छापले. या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला २०२४ या एका वर्षात १,४८० सायटेशन मिळाली. १,४८० ला ४०० ने भागले की ३.७ येतात, आणि हाच त्या नियतकालिकाचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर. तो प्रसिद्ध होतो मात्र जून २०२५ मध्ये. त्यामुळे ‘२०२५ चा इम्पॅक्ट फॅक्टर’ म्हणून जो आकडा लोक सांगतात तो बहुतेक वेळा २०२५ च्या अहवालातला, पण २०२४ या वर्षाचा असतो. नोंद करताना दोन्ही वर्षे लिहिली की हा घोळ टळतो.

या भागाकारात अंश आणि छेद एकाच मापाने मोजलेले नाहीत, हे लक्षात ठेवावे. छेदात फक्त संशोधन निबंध आणि आढावा लेख धरले जातात. संपादकीये, संपादकाला लिहिलेली पत्रे, बातम्या, मतप्रदर्शने यांना ‘सायटेशनयोग्य मजकूर’ मानले जात नाही. अंशात मात्र त्यांना मिळालेली सायटेशनही येतात. वरच्या उदाहरणातील १,४८० पैकी १५० सायटेशन पत्रांना आणि संपादकीयांना मिळालेली असतील, तर ती वजा केल्यावर आकडा ३.३ वर येतो. मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांत असा सुरुवातीच्या पानांवरचा मजकूर भरपूर असतो आणि तो उद्धृतही होतो, त्यामुळे हा फरक तिथे क्षुल्लक राहत नाही. ‘पीएलओएस मेडिसिन’च्या संपादकांनी २००६ मध्ये आपला अनुभव उघडपणे लिहिला होता: कोणत्या प्रकारचे लेख छेदात धरायचे याची चर्चा आकडा काढणाऱ्या कंपनीशी चालू असताना त्यांच्या लक्षात आले की, त्या एका निर्णयावर त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर ११ पर्यंत जाऊ शकतो किंवा ३ च्याही खाली राहू शकतो.

दुसरी अडचण सरासरीची. सायटेशन कधीच सारखी वाटली जात नाहीत. थोड्या निबंधांना पुष्कळ मिळतात आणि बाकीच्यांना थोडी. आपल्या काल्पनिक नियतकालिकात एखादी उपचारविषयक मार्गदर्शक सूचना छापली गेली आणि तिला एकटीला ३०० सायटेशन मिळाली असे धरा. ती एक बाजूला काढली तर उरलेल्या ३९९ निबंधांची सरासरी जेमतेम ३.० भरते. खऱ्या जगातले टोकाचे उदाहरण म्हणजे अमेरिकन कॅन्सर सोसायटीचे ‘सीए: अ कॅन्सर जर्नल फॉर क्लिनिशियन्स’. त्याचा २०२२ चा इम्पॅक्ट फॅक्टर २५४.७ होता. हे नियतकालिक वर्षाला फार थोडे निबंध छापते आणि त्यांत कर्करोगाची वार्षिक आकडेवारी असते, जिचा हवाला जगभरातील कर्करोगविषयक निबंध पहिल्याच परिच्छेदात देतात. या आकड्यावरून त्यातील इतर एखाद्या लेखाबद्दल काही अनुमान काढणे व्यर्थ आहे. २०१६ मध्ये काही संशोधकांनी आणि प्रकाशन क्षेत्रातील मंडळींनी मिळून ११ नियतकालिकांतील सायटेशनची विभागणी तपासली, तेव्हा त्यांतील साधारण ६५ ते ७५ टक्के निबंधांना त्या त्या नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा कमी सायटेशन मिळालेली आढळली.

कुठे शोधावा

अधिकृत ठिकाण एकच: जेसीआर. ते सशुल्क आहे, पण बहुतेक विद्यापीठे, वैद्यकीय महाविद्यालये आणि मोठ्या संशोधन संस्था त्याची वर्गणी भरतात. संस्थेच्या नेटवर्कवरून किंवा ग्रंथालयाच्या दूरस्थ लॉगिनमधून आत जावे आणि शोधाच्या चौकटीत नियतकालिकाचे नाव न लिहिता त्याचा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळखक्रमांक, लिहावा. वैद्यकीय नियतकालिकांची नावे एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की ‘जर्नल ऑफ’ आणि ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ’ एवढ्या फरकाने माणूस भलत्याच पानावर पोहोचतो. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे आयएसएसएन वेगळे असतात. दोन्ही जवळ ठेवावेत.

पान उघडल्यावर पहिल्या मोठ्या आकड्यावर थांबू नये. त्याच पानावर मागच्या वर्षांचे आकडे, नियतकालिकाने स्वतःच्याच निबंधांना दिलेली सायटेशन वगळून काढलेला इम्पॅक्ट फॅक्टर, पाच वर्षांचा इम्पॅक्ट फॅक्टर, विषयगटातील क्रमांक व क्वार्टाइल (क्रमवारीचे चार समान भाग केल्यावर नियतकालिक ज्यात येते तो भाग; क्यू-१ सर्वांत वरचा) आणि ‘जर्नल सायटेशन इंडिकेटर’ असतो. शिवाय सायटेशनच्या विभागणीचा आलेख आणि संशोधन निबंधांचा व आढावा लेखांचा स्वतंत्र मध्यकही (सायटेशन क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) दिलेला असतो. हा मध्यक सहसा कोणी पाहत नाही, आणि माझ्या मते त्या पानावरची ती सर्वांत प्रामाणिक नोंद आहे. इम्पॅक्ट फॅक्टर ६ च्या घरात, आढावा लेखांचा मध्यक ९ आणि संशोधन निबंधांचा मध्यक २ असेल, तर मूळ संशोधन पाठवणाऱ्याने त्या नियतकालिकाकडे कसे पाहावे हे वेगळे सांगायला नको.

जेसीआर उपलब्ध नसेल तर नियतकालिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावे. प्रतिष्ठित प्रकाशक मुखपृष्ठावर किंवा ‘या नियतकालिकाविषयी’ अशा पानावर आकडा, त्याचे वर्ष आणि स्रोत देतात. काही जण त्यासोबत पहिला निर्णय येण्यास लागणारा सरासरी किंवा मध्यक कालावधीही देतात, जो निबंध पाठवणाऱ्याला इम्पॅक्ट फॅक्टरइतकाच उपयोगी असतो. वर्ष लिहिलेले नसेल तर सावध व्हावे, कारण आकडा घसरल्यावर जुनाच आकडा वर्षानुवर्षे तसाच ठेवणारी संकेतस्थळे आहेत. या आकड्याची खातरजमा क्लॅरिव्हेटच्या ‘मास्टर जर्नल लिस्ट’मधून अंशतः तरी होते. ही यादी विनामूल्य आहे. तीत आयएसएसएन टाकला की ते नियतकालिक ‘वेब ऑफ सायन्स कोअर कलेक्शन’मध्ये, म्हणजे ज्या मुख्य सायटेशन-साठ्यावरून इम्पॅक्ट फॅक्टर काढतात त्यात, आहे की नाही ते कळते. तिथे ‘बायोलॉजिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स’ किंवा ‘करंट कन्टेन्ट्स’ अशी इतर सूचींची नावेही दिसतात. नियतकालिक केवळ अशा एखाद्या सूचीत असेल आणि कोअर कलेक्शनमध्ये नसेल, तर त्याला इम्पॅक्ट फॅक्टर असू शकत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरच्या याद्या देणारी असंख्य त्रयस्थ संकेतस्थळे शोधयंत्रात सर्वांत वर येतात. त्यांतील काही आकडे बरोबर असतात, काही दोन वर्षे जुने असतात आणि काही ठिकाणी दुसऱ्याच मापनाचा आकडा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून छापलेला असतो. अर्जात किंवा प्रबंधात लिहायचा आकडा तिथून कधीही उचलू नये. ग्रंथपालांना एक ईमेल केला तर बहुधा त्याच दिवशी जेसीआरचे पान मिळते.

इतर मापने आणि त्यांची सरमिसळ

एल्सव्हिअर या प्रकाशकाच्या ‘स्कोपस’ या सायटेशन-साठ्यावर आधारलेली तीन मापने विनामूल्य पाहता येतात आणि ती इम्पॅक्ट फॅक्टरची जागा घेत नसली तरी उपयोगी आहेत. साइटस्कोअर एल्सव्हिअरने २०१६ च्या डिसेंबरमध्ये आणला. २०२० पासून त्यात चार वर्षांत छापलेल्या दस्तऐवजांना त्याच चार वर्षांत मिळालेली सायटेशन मोजतात. खिडकी, म्हणजे मोजणीचा काळ, मोठी असल्यामुळे हा आकडा अनेकदा इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा मोठा दिसतो, आणि ज्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर लहान असतो अशी नियतकालिके तोच ठळक अक्षरांत पुढे करतात. यात लबाडी नाही, पण वाचणाऱ्याने मोजपट्टी कोणती ते पाहिले पाहिजे. सायमॅगो गटाचा ‘एसजेआर’ तीन वर्षांची खिडकी घेतो आणि सायटेशन देणाऱ्या नियतकालिकाच्या वजनानुसार त्या सायटेशनला कमीअधिक किंमत देतो. लायडन येथील सीडब्ल्यूटीएस या केंद्रातून आलेला ‘स्निप’ वेगवेगळ्या विषयांतील सायटेशनच्या सवयींचा फरक हिशेबात धरतो.

सर्वांत जास्त गोंधळ क्वार्टाइलबाबत होतो. एखादे नियतकालिक सायमॅगोच्या यादीत क्यू-१ आणि जेसीआरमध्ये क्यू-३ असू शकते, कारण माहितीचा साठा वेगळा, विषयगट वेगळे आणि सूत्रही वेगळे. ‘क्यू-१ नियतकालिकात प्रकाशित’ असे कोणी लिहिले तर कोणत्या यादीतील, कोणत्या वर्षीचा आणि कोणत्या गटातील क्यू-१ हे विचारणे मुळीच आगाऊपणाचे नाही.

खोटे आकडे

ज्यांचे नियतकालिक वेब ऑफ सायन्समध्ये नाही असे काही प्रकाशक इम्पॅक्ट फॅक्टरसारखाच वाटणारा आकडा विकत घेतात किंवा स्वतःच तयार करतात. ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’, ‘सायंटिफिक’, ‘कॉसमॉस’ असे विशेषण इम्पॅक्ट फॅक्टरच्या आधी लागलेले दिसले, तर तो आकडा जेसीआरचा नाही असे समजून पुढचा तपास करावा. असा आकडा देणाऱ्या संकेतस्थळावर गणनेची पद्धत सहसा मोघम असते, नियतकालिकांकडून शुल्क घेतले जाते आणि आकडे दरवर्षी चढतच जातात. जेसीआरमधील आकडे खालीही येतात, आणि खाली येऊ शकणे हे विश्वासार्हतेचे एक लक्षण आहे. काही वेळा खऱ्या, जुन्या, नावाजलेल्या नियतकालिकाचे नाव आणि आयएसएसएन चोरून हुबेहूब संकेतस्थळ उभारले जाते. अशा वेळी आकडा खरा असतो, पण निबंध आणि प्रकाशन शुल्क भलतीकडेच जाते. म्हणून ईमेलमध्ये आलेल्या दुव्यावरून निबंध कधीही पाठवू नये. मास्टर जर्नल लिस्टमध्ये दिलेल्या प्रकाशकाच्या नावावरून अधिकृत संकेतस्थळ गाठावे.

‘पबमेडमध्ये सूचीबद्ध’ ही शिफारसही तपासूनच घ्यावी. पबमेड हे वैद्यकीय निबंधांच्या शोधाचे साधन आहे, आणि त्यात मेडलाइन या निवडक नियतकालिकांच्या सूचीतील निबंधांबरोबर पबमेड सेंट्रल या पूर्ण निबंधांच्या संग्रहात जमा झालेले निबंधही दिसतात. मेडलाइनमध्ये येण्यासाठी नियतकालिकाची स्वतंत्र छाननी होते. अनुदान देणाऱ्या संस्थेच्या नियमामुळे एखाद्या लेखकाने आपली प्रत पबमेड सेंट्रलमध्ये ठेवली, तर तो एक निबंध पबमेडमध्ये दिसेल, पण त्यावरून नियतकालिक मेडलाइनमध्ये असल्याचे सिद्ध होत नाही. खरी स्थिती अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या ‘एनएलएम कॅटलॉग’मध्ये कळते: तिथे नियतकालिकाच्या नोंदीत सध्याच्या सूचीकरणाची स्थिती स्पष्ट लिहिलेली असते. मुक्त प्रवेशाच्या (विनामूल्य वाचता येणाऱ्या) नियतकालिकांसाठी ‘डीओएजे’ची निर्देशिका आणि प्रकाशनविषयक नीतीसाठी ‘कोप’ (कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स) या संस्थेची सदस्य-यादी पाहावी. आयसीएमजेई या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या संकेतस्थळावरील यादीत नाव असणे हा मात्र दुबळा पुरावा आहे, कारण तिथे नियतकालिके स्वतःच आपण शिफारसी पाळतो असे कळवतात आणि समिती त्याची पडताळणी करत नाही.

आकडा वाचण्याची रीत

पहिला नियम असा की दोन आकड्यांची तुलना एकाच विषयगटात आणि एकाच वर्षी करावी. कर्करोगशास्त्रात संशोधक भरपूर आहेत, निबंध लवकर जुने होतात आणि प्रत्येक निबंधात लांबलचक संदर्भसूची असते. शरीररचनाशास्त्र, अस्थिशल्यचिकित्सा किंवा परिचर्या या विषयांत तसे नसते. त्यामुळे कर्करोगशास्त्रात ४ हा मध्यम आकडा ठरू शकतो आणि परिचर्येत तोच अग्रस्थानाजवळ नेऊ शकतो. शिवाय प्रत्यक्ष रुग्णसेवा करणारे डॉक्टर आणि परिचारिका निबंध वाचतात, त्याप्रमाणे उपचार बदलतात, पण स्वतः निबंध लिहीत नसल्यामुळे त्यांचे वाचन कुठल्याच मोजमापात येत नाही. शस्त्रक्रियेचे तंत्र शिकवणाऱ्या नियतकालिकाचा आकडा लहान असण्याचे हे एक साधे कारण आहे.

विषयगटातील क्रमांक पाहताना नियतकालिक एकाहून अधिक गटांत असू शकते हे ध्यानात ठेवावे. एकाच आकड्यावर ते एका गटात क्यू-१ आणि दुसऱ्यात क्यू-२ असते, आणि प्रकाशक अर्थातच पहिलेच सांगतो. गटांतील हा फरक काही अंशी भरून काढण्यासाठी २०२१ मध्ये ‘जर्नल सायटेशन इंडिकेटर’ आला. त्यात १ म्हणजे विषय, वर्ष आणि निबंधाचा प्रकार लक्षात घेता जागतिक सरासरी. १.५ असेल तर सरासरीच्या दीडपट. वेगवेगळ्या शाखांतील अर्जदारांची एकत्र छाननी करणाऱ्या समितीला हा आकडा नुसत्या इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा अधिक न्याय्य पडतो.

मग कल पाहावा. किमान पाच वर्षांचे आकडे ओळीने मांडले की एखादी उसळी लगेच डोळ्यांत भरते आणि तिचे कारण शोधावेसे वाटते. ‘द लॅन्सेट’चा इम्पॅक्ट फॅक्टर २०२० साठी ७९.३२१ होता, २०२१ साठी २०२.७३१ झाला, २०२२ साठी १६८.९ आणि २०२३ साठी ९८.४ वर आला. नियतकालिकाची गुणवत्ता एका वर्षात अडीचपट वाढून पुढे घसरली असे त्यावरून कोणी म्हणणार नाही. कोविडवरील सुरुवातीच्या निबंधांना मिळालेली प्रचंड सायटेशन दोन वर्षे खिडकीत होती आणि मग ती बाहेर गेली. श्वसनविकार, संसर्गजन्य रोग आणि सार्वजनिक आरोग्य या गटांतील २०२० ते २०२२ चे आकडे म्हणूनच जपून वापरावेत.

मोजण्याचे नियमही बदलत आले आहेत, आणि तो बदल आकड्यात मिसळून येतो. २०२१ च्या अहवालापासून अंकात येण्याआधी ऑनलाइन प्रसिद्ध झालेल्या निबंधांनी दिलेली सायटेशनही धरली जाऊ लागली, त्यामुळे पुष्कळ नियतकालिकांचे आकडे एकाच वेळी वर गेले. २०२३ च्या अहवालापासून तीनऐवजी एकच दशांश स्थळ देतात, आणि ज्या ‘इमर्जिंग सोर्सेस सायटेशन इंडेक्स’मधील नियतकालिकांना आधी इम्पॅक्ट फॅक्टर मिळत नव्हता त्यांनाही तो मिळू लागला. २०२४ पासून सर्व सूचींतील नियतकालिके एकाच क्रमवारीत लावली जातात, त्यामुळे गटातील नियतकालिकांची संख्या वाढून अनेकांचे क्वार्टाइल हलले. २०२५ च्या अहवालात, मागे घेतलेल्या निबंधांना मिळालेली आणि त्यांनी दिलेली सायटेशन अंशातून वगळली गेली; ते निबंध छेदात मात्र कायम राहतात. ही जंत्री रुक्ष आहे, पण ‘आमचे नियतकालिक क्यू-२ मधून क्यू-१ मध्ये आले’ असे वाक्य समोर आले की तिचा उपयोग होतो.

स्वतःची सायटेशन वगळलेला आकडा आणि मूळ आकडा यांत मोठी तफावत असेल तर थांबून विचार करावा. अरुंद उपशाखेतील एकमेव नियतकालिकाला स्वतःचे जुने निबंध उद्धृत करण्यावाचून गत्यंतर नसते, तेव्हा केवळ टक्केवारीवरून दोषी ठरवू नये. मात्र निबंध स्वीकारण्यापूर्वी संपादकाने ‘आमच्या नियतकालिकातील गेल्या दोन वर्षांतील निबंधांचा संदर्भ द्यावा’ असे सुचवले, तर त्यातील ‘गेल्या दोन वर्षांतील’ हे शब्द कशासाठी आहेत ते उघड आहे. नियतकालिकांनी आपसात ठरवून एकमेकांना सायटेशन देण्याचे प्रकारही घडले आहेत. २०१३ मध्ये ब्राझीलमधील काही वैद्यकीय नियतकालिकांचे आकडे याच कारणासाठी रोखले गेले होते.

इम्पॅक्ट फॅक्टर कायमचा नसतो, हेही निबंध पाठवण्यापूर्वी पाहावे. २०२३ मध्ये क्लॅरिव्हेटने ५० हून अधिक नियतकालिके वेब ऑफ सायन्समधून काढली. त्यांत ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ एन्व्हायर्नमेंटल रिसर्च अँड पब्लिक हेल्थ’ हे हजारो निबंध छापणारे नियतकालिकही होते, आणि त्यात निबंध असलेल्या लेखकांना पुढचा इम्पॅक्ट फॅक्टर दिसलाच नाही. याउलट ‘ई-लाइफ’ या जीवशास्त्रविषयक नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर गेला तो त्याने समीक्षणानंतर स्वीकार-नकार देण्याची पद्धतच सोडल्यामुळे. आकडा नाहीसा झाला की नियतकालिक वाईटच असेल असे नाही. कारण वाचावे लागते.

किती किंमत द्यावी

निबंध पाठवणाऱ्यासाठी इम्पॅक्ट फॅक्टर ही चाळणी असावी आणि तीही दुसऱ्या क्रमांकाची. पहिला प्रश्न असा असावा की ज्यांनी हा निबंध वाचायला हवा ते लोक कोणते नियतकालिक वाचतात. आपल्या निबंधाच्या संदर्भसूचीत कोणती नावे वारंवार आली आहेत ते मोजले तर उत्तर बहुधा तिथेच असते. त्या तीन-चार नावांची व्याप्ती, लेखांचे प्रकार, पहिल्या निर्णयाचा कालावधी, प्रकाशन शुल्क आणि मेडलाइनमधील स्थिती पाहावी, आणि मग गटातील क्रमांक. रुग्णवृत्तांत लिहिणाऱ्याने तर हे आधीच तपासावे, कारण रुग्णवृत्तांतांना सायटेशन कमी मिळतात म्हणून अनेक नियतकालिकांनी ते छापणे थांबवले किंवा त्यांच्यासाठी वेगळे भावंड-नियतकालिक काढले, आणि त्या भावंडाचा आकडा मूळ नियतकालिकाचा नसतो. जेसीआर हाताशी नसेल तर एक साधा उपाय आहे: निवडलेल्या नियतकालिकाचा दोन वर्षांपूर्वीचा एखादा अंक उघडावा, त्यातील मूळ संशोधन निबंध गूगल स्कॉलरवर एकेक करून पाहावेत आणि मधल्या निबंधाला किती सायटेशन आहेत ते टिपावे. अर्ध्या तासाच्या या कामातून मुखपृष्ठावरच्या आकड्यापेक्षा जास्त कळते.

काळाचा हिशेबही मांडून पाहावा. जून २०२५ मध्ये दिसलेला आकडा २०२२ आणि २०२३ मधील निबंधांविषयी बोलतो. तो पाहून पाठवलेला निबंध २०२६ मध्ये छापून आला, तर तो २०२७ आणि २०२८ च्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये मोजला जाईल आणि ते आकडे २०२८ व २०२९ मध्ये प्रसिद्ध होतील. एवढ्या अवधीत संपादक, प्रकाशक आणि नियम सगळेच बदलू शकतात, तेव्हा ४.१ आणि ४.४ यांतील फरकावर नियतकालिक निवडण्यात अर्थ नाही.

वाचकासाठी तर निबंधाची किंमत निबंधातच शोधायची असते: अभ्यासाची रचना, नमुन्याचा आकार, चाचणीची पूर्वनोंदणी, ठरवलेले आणि प्रत्यक्षात सांगितलेले निष्कर्ष जुळतात की नाही. कोविडच्या काळात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयीचा, सर्जिस्फिअर कंपनीच्या माहितीवर आधारलेला निबंध ‘द लॅन्सेट’ने २२ मे २०२० रोजी छापला आणि ४ जून रोजी तो मागे घेतला गेला, त्याच कंपनीच्या माहितीवरचा दुसरा निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधूनही त्याच दिवशी मागे घेतला गेला. दोन्ही नियतकालिके क्रमवारीत अगदी वरची आहेत.

निवड समितीत बसणाऱ्याने लेखकाच्या निबंधांचे इम्पॅक्ट फॅक्टर एकत्र करून बेरीज मांडू नये. त्या बेरजेला कसलाही संख्याशास्त्रीय अर्थ नाही. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीच्या संमेलनात चर्चेला आलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने, म्हणजे ‘डोरा’ने, नियतकालिकाचे मापन एखाद्या संशोधकाच्या किंवा निबंधाच्या मूल्यमापनासाठी वापरू नये असे सांगितले आहे. नियमावलीत आकडा मागितलेलाच असेल तर निदान प्रत्येक निबंधाला प्रत्यक्ष मिळालेली सायटेशन आणि अर्जदाराने त्यात काय काम केले याची दोन ओळींची नोंद त्याच्याशेजारी मागून घ्यावी.

अर्जदाराने आकडा लिहिताना तो अर्धवट लिहू नये. ‘इम्पॅक्ट फॅक्टर ३.७’ एवढे पुरत नाही; ‘इम्पॅक्ट फॅक्टर ३.७ (वर्ष २०२४, जेसीआर २०२५), अस्थिशल्यचिकित्सा गटात क्यू-१’ असे लिहिले की छाननी करणाऱ्याला ते एका मिनिटात पडताळता येते. निबंध प्रकाशित झाला त्या वर्षाचा आकडा द्यायचा की अर्जाच्या दिवशी उपलब्ध असलेला, हे संस्थेच्या नियमात पाहावे. नियम गप्प असेल तर प्रकाशनाच्या वर्षाचा आकडा द्यावा, सर्व निबंधांना तोच निकष लावावा आणि जेसीआरच्या पानाची तारखेसह प्रत अर्जाला जोडावी.